मोहाखालची रायमुनिया

बायको गेली ती मोहफुलांच्या दिवसांत. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. सकाळी टोपली घेऊन ती गावामागच्या मोहाखाली फुलं वेचायला बसली होती. मोहाच्या पाठीमागे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, दाट जाळी होती. वाघ त्या जाळीतून आला. बाकीचं मला लोकांनी सांगितलं आणि मी ऐकलं. पंचनामा झाला, तेरवी झाली, पाहुणे गेले. मी जेवत होतो, झोपत होतो. रडू आलं नाही. आलं असतं तर लोकांना बरं वाटलं असतं.

उन्हाळा सरता सरता ग्रामसभा बसली. तो पट्टा सामूहिक वनहक्काचा, गावाच्या ताब्यातला. जेसीबी लावून सगळं साफ करून टाकू, झुडूपच राहिलं नाही तर वाघ लपेल कुठे, असं निघालं. बऱ्याच माना हलल्या. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. वनसमितीत मी आधीपासून होतो, पण त्या दिवशी ते त्यासाठी पाहत नव्हते.

"तुमी सांगा भाऊ," सरपंच म्हणाले. "तुमच्या घरचं माणूस गेलं."

"रायमुनिया काढा," मी म्हणालो. "ते बाहेरून आलेलं झुडूप. धायटी, मुरुडशेंग, चारोळीचे रोपटे, बाकी सगळं राहू द्या. जेसीबीनं जमीन उकरली तर रायमुनियाच पयले परत येते."

मागून एक जण म्हणाला, "तुले त्या जंगलाचा राग नाई येत?"

"नाई."

खरंच येत नव्हता. मायाही येत नव्हती. कोणी वाट विचारली तर सांगावी, तसं मी सांगितलं होतं.

जमीन मऊ झाल्यावर कामाला लागलो. मोहाकडचा भाग कोणी घेईना, तो मी घेतला. सोबत बायकोची मोठी बहीण आली. माझी आकडसासू, तीही याच गावात दिलेली.

रायमुनिया वरून तोडली की दुप्पट फुटते. म्हणून बुडाशी माती उकरायची, जमिनीखाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळ्या वर. मग ते पुन्हा जीव धरत नाही.

"जवाई, हाताचं रगत पुसा," ती म्हणाली. काटे लागलेले मला कळलेच नव्हते. मी पुसलं.

जाळी निघाली तशी खालची रोपं दिसू लागली. ऐनाची, धावड्याची, सगळी पिवळट, बारीक, उजेडासाठी वाकडी झालेली. तेंदूच्या एका जुन्या बुंध्याला फुटव्यांचा झुबका होता. त्यातला सरळ एक ठेवून मी बाकीचे छाटले.

मोहापाशी पोचलो तेव्हा तिने कुदळ खाली ठेवली. "इथीच बसली होती जी ती?"

"हो, इथीच."

ती बसली आणि रडू लागली. मी खणत राहिलो. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुमी रडत काऊन नाई?"

"मले नाई माहीत, बाई."

तिने डोळे पुसले आणि कुदळ उचलली.

हिवाळ्यापर्यंत पट्टा मोकळा झाला. उभं राहिलं की झाडांमधून पार नाल्यापर्यंत दिसायचं. वाघ कुठे गेला नव्हता. पायवाटेवर त्याचे पंजे उमटलेले असायचे. बायका आता घोळक्याने जात, आणि चालताना मोठ्याने बोलत. तिथे जनावरं चारायची नाहीत असं गावाने ठरवलं होतं.

एका दुपारी गेलो तर शेजाऱ्याच्या शेळ्या आत शिरलेल्या. चारोळीचं एक रोप त्यांनी शेंड्यापासून ओरबाडून खाल्लं होतं. शेळ्यांमागे तो आला तसा मी त्याच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, वाईट बोललो एवढं नक्की.

"एका रोपट्यासाठी एवढं काऊन करून राह्यला भाऊ?" तो म्हणाला. तो घाबरला होता.

मी त्या रोपापाशी खाली बसलो. आकडसासू सरपणाची मोळी घेऊन वाटेने येत होती. तिने मोळी उतरवली आणि ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. शेजाऱ्याने शेळ्या वळवल्या. मग आम्ही दोघांनी बोरीच्या काट्या तोडून रोपाभोवती रोवल्या.

ते जगतं का हे पाहायला मी रोज जात होतो. जगलं नाही. थोडं अलीकडे दुसरं एक होतं, काट्या काढून त्याला लावल्या.