पाच परस पाणी

माझ्या हातातला माईक त्यानं काढून घेतला. हिसकावला नाही. एकेक बोट सोडवलं, लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तसं. मग मांडवाकडं बघून म्हणाला, "आजींना परस माहितीय, मीटर माहीत नाही. जुनी माणसं आहेत, समजून घ्या."

मांडव हसला. पुढच्या खुर्च्यांवरचे हसले, मागं सतरंजीवरच्या बाया पदराआड हसल्या.

मी खाली बसले.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ इथं संपतो. बावीस सेकंदांचा आहे. कुणीतरी तो गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो तुमच्या बाबाकडं आला, आणि रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, लोक का हसत होते? मी म्हटलं, असंच. ते खोटं होतं. तेव्हापासून नीट बसवत नाही. म्हणून लिहिते आहे. बाबा वाचून दाखवील. त्यानं एकही वाक्य गाळायचं नाही, विशेषतः माझ्या चुकीचं.

आपल्या गावाची पिण्याची विहीर नदीकाठी आहे. नदी वर्षातले आठ महिने कोरडी दिसते, पण वाळूच्या पोटात पाणी असतं. पावसाळ्यात मुरलेलं पाणी वाळू धरून ठेवते आणि उन्हाळाभर थोडंथोडं विहिरीला देते. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा चैत्रात नदीत हातानं खड्डा केला की ढोपराइतक्या खोलीवर पाणी लागायचं. आता वाळू गाड्यांत भरून गेली. जागोजाग खडक उघडा पडलाय. विहिरीसमोर एकच पट्टा उरलाय, आणि तोच एका ठेकेदाराला उपसायचा होता.

वाळू काढूच नका असं मी कधी म्हटलं नाही. तुम्ही सुट्टीत ज्या खोलीत झोपता तिच्या भिंतींत याच नदीची वाळू आहे. पण पूर दरवर्षी किती वाळू आणून टाकतो, आपण किती उचलतो, याचं काही माप असावं की नाही? परवानगीआधी तसा अहवाल करावा लागतो. उपशानं नदीचं, विहिरींचं, शेतांचं काय होईल, हे त्यात लिहायचं असतं. मग जनसुनावणी होते. तिथं कुणीही उभं राहून हरकत घेऊ शकतं.

मागच्या उन्हाळ्यात ठेकेदारानं नेमलेले अहवालवाले साहेब गावात आले. पंचवीस-तीस वर्षांचे, पांढरे बूट. विहिरीवर गयाबाई पाणी शेंदत होती. गयाबाई आपल्या गल्लीच्या टोकाला राहते. दोन एकर कोरडवाहू. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. साहेबांनी तिला विचारलं, पाणी किती खाली आहे? ती म्हणाली, "पाच परस." आपल्याकडं विहीर परसानंच मोजतात. एक परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. साहेबांनी 'पाच' लिहिलं. त्यांच्या तक्त्यावर रकान्याच्या डोक्यावर 'मीटर' असं आधीच छापलेलं होतं. टेप गाडीतच राहिला.

विहिरीची खोली ग्रामपंचायतीच्या कागदावर मीटरमध्ये होती. अकरा. अकरातून पाच गेले. अहवालात लिहिलं गेलं की ऐन उन्हाळ्यातही विहिरीत सहा मीटर पाणी असतं, सबब उपशाचा विपरीत परिणाम संभवत नाही. पाच परस म्हणजे नऊ मीटर. खरं पाणी दोनच मीटर होतं. तळाशी, गढूळ.

आता माझी चूक.

त्याच अहवालाचा मराठी गोषवारा घेऊन साहेब आपल्या घरी आले. "मॅडम, तुम्ही सेलूला इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंत. गावात तुमच्याइतकं शिकलेलं कोण आहे? भाषांतर जरा बघून द्या." मी खुर्ची दिली, चहा दिला. लाल पेन घेतलं. दोन दिवस बसून वाकडी वाक्यं सरळ केली, शुद्धलेखन तपासलं. इंग्रजी प्रतीशी ताडून पाहिलं. इंग्रजीत पाच मीटर, मराठीत पाच मीटर. बरोबर. शेवटी 'मजकूर तपासला' लिहून झोकदार सही केली.

विहीर घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी गेले नाही. घरात नळ आल्यापासून मी त्या विहिरीत डोकावलेलं नव्हतं.

सुनावणी पौषात ठेवली. निम्म्या गावाला कुलपं. ज्यांच्या घागरी त्या विहिरीवर भरतात तीच माणसं उसाच्या फडात. गोषवारा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला, त्याचा फोटो फिरत फिरत फडावर पोचला. गयाबाईच्या सुनेनं तो तिला वाचून दाखवला. सुनावणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी गयाबाईचा फोन आला. मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

"बाई, मी पाच परस म्हनले व्हते. ह्यो मीटर कुठून आला?"

मी म्हटलं, त्यांच्या लिहिण्यात चूक झाली असेल.

"खाली तुमची सही हाय म्हनते सून."

"हो."

"मग तुमी वाचलं न्हाई का, बाई?"

रागानं म्हणाली नाही. खरोखरच विचारत होती. मी आयुष्यभर पोरांना हाच प्रश्न विचारला, छडी हातात घेऊन. ती म्हणाली, "लय बिल व्हायलंय, ठिवते," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून मांडवात गेले. पहिल्या रांगेत खुर्ची होती. माईक हातात आल्यावर सरळ सांगितलं, की अहवालातला आकडा चुकीचा आहे, गयाबाईनं परस सांगितलं होतं.

"कोण गयाबाई? बोलवा की त्यांना," साहेब म्हणाले.

"ऊस तोडायला गेली आहे."

"म्हणजे हजर नाहीत." त्यांनी माझ्या सहीचा कागद उंच धरला. लाल पेनाच्या खुणा लांबूनही दिसत होत्या. "हा तुम्हीच तपासलाय ना? तेव्हा मीटर चालला. आज परस कुठून आला?"

मग त्यांनी माझी बोटं सोडवली. पुढचं तुम्ही पाहिलंय.

आजी म्हणाले मला. उन्हाळ्यात चहा पिताना मी मॅडम होते. तुम्ही आजी म्हणता तेव्हा माझा जीव तुमच्या ओंजळीत असतो. त्या माणसानं तोच शब्द मला गप्प बसवायला वापरला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. मी ती उघडली नाही.

तासाभरानं अध्यक्ष असलेल्या अधिकाऱ्यांनी इतिवृत्त वाचायला घेतलं. सुनावणीत काय झालं ते शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं, तसा नियम आहे. ते भरभर वाचत होते. लोक उठून चपला शोधत होते. "एका ज्येष्ठ महिलेने पाणीपातळीबाबत शंका विचारली. तिचे समाधान करण्यात आले."

समाधान.

मी उभी राहिले. माईक नव्हता. शाळेत साठ पोरांच्या वर्गात कधी माईक नव्हता.

"माझं समाधान झालेलं नाही. ते वाक्य काढा."

"आजी, बसा. संपलं आता."

"बसणार नाही. मी ती सही मागं घेते आहे. मी भाषा तपासली, आकडा तपासला नाही. ती माझी चूक, तीही लिहा. आणि त्यांनी टेप गाडीबाहेर काढला नाही, तेही लिहा."

चपला शोधणारे थांबले. साहेब म्हणाले, "मॅडम, प्लीज." पुन्हा मॅडम झाले होते मी.

"विहीर इथून दिसते. चला, मोजू."

अधिकारी म्हणाले, जागेवर जाऊन मोजणं या बैठकीत बसत नाही. पण पेन उचललं. 'समाधान करण्यात आले' खोडलं, 'समाधान झाले नाही' लिहिलं. माझं म्हणणं खाली उतरवून घेतलं. मी ते तिथंच पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.

मग मी एकटीच विहिरीकडं निघाले. मागून गयाबाईची जाऊ सोजर आली. तिच्या हातात गाठींचा दोर होता. दरवर्षी गाळ काढायच्या आधी विहीर मोजतात तो. परसापरसावर गाठ आणि टोकाला दगड. मघाशी हसलेल्यांपैकी दोघीही आल्या. एक म्हणाली, "हसू आलं व्हतं बाई, काय करावं." हसू मलाही आलं असतं, दुसरं कुणी उभं असतं तर.

सोजरनं दोर सोडला. पहिली गाठ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथी कठड्याशी आली तेव्हा दगड पाण्याला लागल्याचा आवाज आला. दोर वर ओढून मी माझ्या शिवणाच्या टेपनं मोजला. सात मीटरच्या वर भरला. पौषातच. अहवाल म्हणत होता, वैशाखात पाच.

"वैशाखात काय ऱ्हाईल मग?" सोजरनं विचारलं. "आन् वाळू गेल्यावर?"

परवानगीचा निर्णय अजून झालेला नाही. होऊही शकतो, ठेकेदाराच्या बाजूनं. मला खोटी आशा लावायची नाही, तुम्हालाही नाही. सही मागं घेतल्याचं पत्र मी परभणीला जिल्हा कचेरीत स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. दर सोमवारी सकाळी सोजर आणि मी विहीर मोजतो. परस आणि मीटर, दोन्ही लिहितो, खाली दोघींच्या सह्या. सोजर अंगठा द्यायची. आता नाव लिहिते.

कुठल्याही कागदाची भाषा मी यापुढं सुधारणार नाही, तो कुणी मोजला हे कळल्याशिवाय.

फडावरची माणसं उन्हाळ्यात परत येतील. ती गावात असताना पुन्हा सुनावणी घ्या, असं मी त्याच पत्रात मागितलंय. नाही घेतली तर पुन्हा मागीन. घेतली तर मी खुर्चीवर बसणार नाही, बोलणारही नाही. माईक गयाबाई धरील आणि तिच्या मुठीवर माझी मूठ असेल. त्यांना बोटं सोडवायचीच असतील तर आधी माझी सोडवावी लागतील, आणि या वेळी ती सुटणार नाहीत.