पिकअप माझी, विचारलं जावयाला

आज मंगळवार, सकाळी साडेनऊ. नालासोपाऱ्याच्या उड्डाणपुलावर केळ्यांनी भरलेली आमची जुनी पिकअप अर्ध्या चढावर थांबली आणि मागे सरकू लागली.

"बाय, पहिल्या गिअरलापन चढत नाय," आमचा ड्रायव्हर बस्त्याव ब्रेक दाबून म्हणाला. मीच उतरले आणि चाकामागे दगड लावला. या वयात.

मंडळी, मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर गेल्याच आठवड्यात बदलले. गॅरेजवाल्याला मी कागदावर लिहून दिलं होतं: जुन्यासारखेच हवेत, लहान गिअरच्या आठ दातांना मोठ्याचे त्रेचाळीस. त्यात इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या पाचाहून जास्त फेऱ्यांत चाक एकदा फिरतं, म्हणून आमच्या गास गावच्या वाडीतलं ओझं ओढलं जातं. त्याने बसवले नऊला सदतीस. म्हणजे चारच फेऱ्या. वेग वाढला, जोर गेला. एवढा भागाकार आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी चौथीत शिकवला होता.

फोन केला तर म्हणतो, "मॅडम, हायवेला मस्त पळेल. तुमच्या जावयांना विचारूनच टाकलंय."

जावई पवईला राहतो. या पिकअपमध्ये तो एकदाही बसलेला नाही. आणि आम्ही हायवेला जातो कधी?

खरंच थकले आहे. भांडायचाही कंटाळा आलाय. पण मागे शाळेची व्हॅन असती तर?

गॅरेजवाले, तुम्ही या ग्रुपवर आहात. मालकीण समोर उभी असताना जावयाला का विचारलंत आणि माझे गिअर कधी बसवताय, हे शनिवारी दुपारी बारापर्यंत मला लेखी कळवा.

जावईबापू, तुम्हालाही तीच मुदत.