आप्पांच्या फोल्डरांची नक्कल

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप करावी लागते, हे घरी समजावताना माझीच तारांबळ उडाली. वडील तेव्हा ऊसतोडीला बारडोलीकडे होते. फोनवर त्यांनी विचारलं, "तिथे तू काय करणार?" मी म्हटलं, बॅकअप घेणार. मग सांगितलं की आपण मक्याचं बियाणं थोडं घरी टांगतो आणि थोडं काकांकडे ठेवतो, तसंच कॉम्प्युटरमधल्या कागदांची एक नक्कल दुसरीकडे ठेवायची. वडील म्हणाले, "हे शिकायला नंदुरबारच्या कॉलेजात जावं लागतं?"

काम होतं अक्कलकुव्याच्या वरच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत. शाळा माझीच. पाचवी ते दहावी मी तिथेच राहून शिकले. मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच दिवशी काम एका वाक्यात सांगितलं, "ऑफिसचा बॅकअप पूर्ण होत नाही, महिन्याभरात तो पूर्ण होईल असं कर."

शाळेत दोन मुख्य कॉम्प्युटर होते. एक संगणक खोलीतला, त्यावर लिनक्स. मुलांचे धडे त्यात असत. दुसरा ऑफिसातला, विंडोजचा, बराच जुना. दोघांची नक्कल सरांच्या कपाटातल्या एका नव्या डब्यात, म्हणजे वायरीने जोडलेल्या डिस्कच्या पेटीत जावी, अशी सोय केली होती. दुपारी एक वाजता दोन्हीकडून आपोआप सुरुवात व्हायची. लिनक्सचं काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकायचं. ऑफिसचं काही केल्या उरकत नव्हतं.

ऑफिसचा कॉम्प्युटर आप्पांचा. आप्पा म्हणजे शाळेचे क्लार्क. पिंपळनेरकडचे असावेत, बोलणं अहिराणी. दिवाळीनंतर डोंगरातली अर्धी कुटुंबं गुजरातला कामाला जातात, तेव्हा पोरांचे जातीचे दाखले, आधार, शाळा सोडल्याचे दाखले आप्पांकडे आणून देतात. घरी कौलातून पाणी येतं, उंदीर असतात, आणि घराला कुलूप लावून सहा महिने बाहेर राहायचं असतं. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कपाटालाच वाळवी लागली आणि बरेच मूळ कागद गेले. सुदैवाने आप्पांनी सगळ्यांचे स्कॅन करून ठेवले होते. म्हणजे कितीतरी मुलांचा दाखला आता फक्त त्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये होता. आणि ती डिस्क सुरू होताना आतून टकटक आवाज करायला लागली होती. पुढे होळीच्या आधी ती बंद पडलीच. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण भीती होती. माझ्या धाकट्या बहिणीचा दाखलाही त्यातच होता.

"ऊनी का इंजिनेर बाई?" मी आले की आप्पा रोज विचारायचे. "देख, तो पोऱ्या पयी ऱ्हायना, नि मन्हा म्हातारा बठेल शे."

पळत सुटलेला पोऱ्या म्हणजे लिनक्सचा कॉम्प्युटर, बसून राहिलेला म्हातारा म्हणजे त्यांचा.

मी आधी केबल बदलली. काही फरक नाही. डब्याकडे जाणारं कनेक्शन दुसऱ्या जागी लावलं. मग ऑफिसातलं एक फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन लिनक्सवरून पाठवून बघितलं, तर ते झटकन गेलं. मला वाटलं, सापडलं, दोष विंडोजचा. पण तसं नव्हतं. ऑफिसात अँटिव्हायरस होता आणि तो प्रत्येक फाइल जाताना तपासत होता. आप्पांच्या फाइली लहान होत्या, पण हजारोंनी. एका मुलाचा दाखला गावाच्या फोल्डरमध्ये, वर्षाच्या फोल्डरमध्ये आणि आडनावाच्या फोल्डरमध्येही. "आई येस ती गाव सांगस, बाप येस तो साल सांगस," आप्पा म्हणाले. "मंग माले तिन्हीकडे सापडाले पाहिजे ना?"

त्या डब्याकडे जाणाऱ्या फाइलींपुरती अँटिव्हायरसची तपासणी थांबवली, तेव्हा वेग वाढला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तीच नोंद, काम अर्धवट, कनेक्शन तुटलं. आणि बॅकअप पुन्हा शून्यापासून. लिनक्सकडचा प्रोग्राम जिथे थांबला तिथून पुढे न्यायचा, इकडचा रोज पहिल्या फाइलीपासून सुरू करायचा. कनेक्शन तुटतंय म्हणून मी पुन्हा केबल बदलली.

"वायर बदली, जागा बदली," आप्पा म्हणाले. "आते मन्ही खुर्ची बदलशी का?"

असे दोन आठवडे गेले. आमच्या गावाकडची शेवटची जीप साडेचारला असते, म्हणून मी सव्वाचारलाच निघायची. एका बाजारच्या दिवशी जीप आधीच भरून गेली आणि मला शाळेत मुक्कामाला थांबावं लागलं. मी ऑफिसात बसून पडद्यावरचे आकडे बघत होते. बॅकअप निम्म्याच्या पुढे गेला होता. साडेपाच वाजले. आप्पांनी टेबल आवरलं, कॉम्प्युटरवर कापड टाकलं, दाराजवळ गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पडदा काळा झाला. मी स्विचकडे बघत राहिले.

"काय देखी ऱ्हायनी? चाल, बाया भाकरी टाकी ऱ्हायन्यात," ते म्हणाले.

आता लिहिताना वाटतं, तिथेच सांगायला हवं होतं. पण मी पाचवीत असताना रडत बसलेल्या मला बिस्किट देणारे हेच आप्पा. त्यांनी स्वतः टाइप केलेल्या दाखल्यावर माझी कॉलेजची अ‍ॅडमिशन झाली. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्याच हाताने हे रोज तुटतंय? दुसऱ्या दिवशी मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सकाळी म्हातारा पहिल्यांदा सुरूच झाला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा टकटक करत कसाबसा उठला. आप्पांच्या कपाळावर घाम दिसला आणि मला माझीच लाज वाटली.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि टेबलाकडे बघत सगळं सांगितलं. स्विच, अर्धवट काम, पुन्हा शून्य.

त्यांनी वळून दाराजवळच्या स्विचकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग माले इचारं का नई? महिनाना अर्धा व्हई गया."

"भीती वाटली, आप्पा."

"मन्ही? शाळाभर एक पोरगं माले भ्यात नई, नि तू कॉलेजवाली भ्यास."

पण रात्री करंट चालू ठेवायला ते तयार नव्हते. आधीच्या शाळेत शॉर्टसर्किटने एक कपाट जळताना त्यांनी पाहिलं होतं. "ते काही जमाव नई," एवढंच. मी म्हटलं, फाइली इतक्या सुट्या आहेत की दिवसात मावत नाहीत, प्रत्येकीची वेगळी नोंद होते. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार सोपं गणित चुकवलंय.

"एकेक कागद कोन लई जास? बस्ता बांध ना. सालना एक बस्ता."

मागच्या खोलीत फळीवर लाल कापडात बांधलेले जुन्या कागदांचे बस्ते रांगेने होते. दर वर्षाचा एक, वर चिठ्ठी लावलेली. मी ते लहानपणापासून बघत होते. जुन्या वर्षांच्या फाइली आता बदलत नव्हत्या, त्या बांधून एकदाच पाठवल्या की रोज फक्त चालू वर्षाचे कागद उरणार होते. हे पुस्तकातही होतं, पण मला ते आप्पांनी सांगितल्यावर सुचलं.

रविवारी आप्पा सकाळी सातलाच आले. जेवणाचा डबा बरोबर आणला होता. मी एकेका वर्षाची एक मोठी फाइल बांधत गेले आणि डब्यात पाठवत गेले. ते शेजारी बसून प्रत्येक बस्त्यावरची चिठ्ठी लिहावी तसं वहीत वर्ष लिहीत होते. मधे कधी टकटक वाढली की दोघंही बोलायचं थांबायचो. तीनच्या सुमाराला शेवटची फाइल गेली आणि हिरव्या अक्षरांत काम पूर्ण झाल्याचं आलं. मी आप्पांना म्हटलं, झालं.

"हिरवं देखीसन काय करानं? पोरं कोठे शेतस ते सांग."

त्यांनी नक्कल उघडायला लावली. एकेका वर्षाच्या आत गावामागून गाव. आप्पा प्रत्येक गाव वहीत लिहायचे, त्यातल्या एका तरी पोराचा दाखला उघडून बघायचे आणि सांगायचे, हिचा बाप सुरतेला, याची आई परत आली, हा आता पोलीस भरतीची तयारी करतोय. एका गावापाशी ते थांबले.

"दोन्ही भाऊ कोठे गयात?"

नव्हते. त्या दोघांचे दाखले मूळ कॉम्प्युटरवर होते, नकलेत नव्हते. तेव्हा मला आठवलं की बांधताना एक सूचना आली होती, नाव फार लांब आहे अशी, आणि मी घाईत 'वगळा' दाबलं होतं. तेही 'सगळ्यांसाठी वगळा'. फोल्डरचं नाव बघितलं. आप्पांनी बस्त्यावर चिठ्ठी लावावी तसं लिहिलं होतं, 'बाप नवसारीकडे कामाला, आई गावात, मूळ दाखले वाळवीनं खाल्ले, दोघा भावांचे स्कॅन इथेच, पुसू नये'. अशी चौदा फोल्डरं निघाली. सगळी मूळ कागद गेलेल्या मुलांचीच.

मी माफी मागितली. आप्पा म्हणाले, "रडू नको, नाव बारीक कर."

मी नावं दोन-दोन शब्दांची केली. पहिलं झाल्याबरोबर ते पुढे वाकले. "मन्हं लिखेल कोठे गयं?"

फोल्डरच्या आत मी एक छोटी फाइल करून त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं. ती उघडून दाखवली. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी ते सावकाश वाचलं.

"बाप आते घर येल शे," ते म्हणाले. "ते बी लिख."

बाप आता घरी आलाय, असं मी खाली लिहिलं. मग चौदाही फोल्डरं पाठवली आणि नकलेतून दोघा भावांचे दाखले उघडले. आप्पांनी चष्मा पुसला, आधी मोठ्याचा वाचला, मग धाकट्याचा, आणि वहीत त्या गावापुढे बरोबरची खूण केली.