पुठ्ठ्यावर माझी एक ओळ

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक पुठ्ठा लटकतो. साडीची घडी ताठ राहावी म्हणून आत घालतात ना, तोच पांढरा पुठ्ठा. मी सुरतेच्या पांडेसऱ्यात साड्यांच्या घडी-पॅकिंगला जाते. तिथले दुमडलेले, टाकून द्यायचे पुठ्ठे विचारून घरी आणते आणि रोज संध्याकाळी भाकरीला बसायच्या आधी त्यावर उद्याची कामं लिहिते. नळ साडेसहाला. सासूबाईंची गोळी जेवणानंतर, आधी नाही. गॅसचा नंबर लावणे. यांची दुसरी पाळी, डबा दुपारी. मुलीच्या वहीवर सही.

इथे सुरतेत, डिंडोलीत येऊन मला वीस वर्षं झाली. वीस वर्षांत त्या पुठ्ठ्याकडे दुसऱ्या कोणी मान वर करून बघितलेलं नाही. "आज पाणी कधी येणार गं?" अहो, डोळ्यांसमोर लिहिलंय की! पण नाही. लिहायचं मी, वाचायचं मी, आणि काही राहिलं तर बोलणीही मीच खायची.

माझी शाळा नववीत सुटली. हे मात्र दहावी पास, आणि ते दर चार दिवसांनी ऐकवतात. किती मार्कांनी, ते विचारायचं नाही. गेल्या वर्षी मी ठरवलं की आपणही बाहेरून दहावीला बसायचं. जवळच्या शाळेतल्या गुजराती क्लार्कने माझा नंबर घेतला आणि फॉर्म भरायची तारीख आली की फोन करतो म्हणाला. घरात सांगितलं तेव्हा हे हसले. "आता काय कलेक्टर व्हायचंय?" मी म्हटलं, "झालेच तर तुमची काय हरकत?"

एक चूक मात्र मी केली. घरादाराचं सगळं पुठ्ठ्यावर लिहिलं आणि माझा फॉर्म कधीच लिहिला नाही. माझं मला लक्षात राहील असं वाटलं.

मग एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर सासूबाई दारातच उभ्या. माझा फोन घरीच चार्जिंगला असतो, तो त्यांनी उचलला होता. म्हणाल्या, "तुनी शाळामाईन फोन उना व्हता. फॉर्मनी तारीख कालच व्हती, सांगे."

कालच होती. परत फोन लावला, तर शाळा बंद झालेली, कोण उचलणार? चप्पल न काढता तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. वर्षभर मुलीची जुनी पुस्तकं चाळली होती, बेरजा-वजाबाक्या केल्या होत्या, सगळं पाण्यात.

यांना त्या दिवशी सुट्टी होती. आतूनच बोलले, "बघ, दुनियेचं लिहून ठेवतेस आणि स्वतःचंच विसरलीस. जाऊ दे. नशिबातच नाही तुझ्या."

हे ऐकलं आणि माझं रडणं थांबलं. असा संताप आला म्हणून सांगू! विसरले? वीस वर्षांत कुणाची एक गोळी चुकवली नाही मी, आणि माझं राहिलं ते नशीब? नशीब गेलं खड्ड्यात. तारीख गेली तर गेली, उद्या जाऊन त्या क्लार्कच्या टेबलासमोर बसेन, भांडेन, फॉर्म घेतल्याशिवाय हलणार नाही, असं मी मोठ्याने सांगितलं.

त्या संध्याकाळी कोरा पुठ्ठा घेतला आणि एकच ओळ लिहिली: माझा फॉर्म. खाली काही नाही. सकाळी नळ येऊन गेला, मी उठून बघितलं नाही. डबा नाही, गॅस नाही. सासूबाई ओरडल्या, "अवं, पानी!" मी केस विंचरत होते. कागदपत्रांची पिशवी उचलली आणि निघाले.

क्लार्कसमोर गेले ती कंबर कसूनच. "तारीख गेली म्हणून सांगू नका, साहेब. फॉर्म घ्यावाच लागेल." तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "पण बेन, छेल्लो दिवस तो आजे छे. में काले तो कह्युं हतुं, काले आवजो!"

शेवटचा दिवस आजच! मी उभ्या उभ्या कपाळावर हात मारला. काले! गुजरातीत कालही काले आणि उद्याही काले. फोनवर तो म्हणाला होता, काले शेवटचा दिवस, म्हणजे उद्या. आमच्या सासूबाई जन्माच्या अहिराणी बोलणाऱ्या, त्यांनी ऐकलं काल. आणि त्यांनी मला आपल्या भाषेत सांगितलं, 'काले' हा शब्द माझ्या कानावर आलाच नाही, म्हणून सुरतेत एवढी वर्षं काढूनही मी फसले. नशीब म्हणून घरी बसले असते, तर तारीख खरंच गेली असती. फॉर्म तिथेच भरला. सही करताना नाव पूर्ण लिहिलं.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "आई, तुमचं नाही चुकलं. या गावात उद्या आणि काल एकच." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आतेपासून पानी मी भरसू."

मग मी नवा पुठ्ठा घेतला. पहिली ओळ माझी: अभ्यास, सात ते नऊ. त्याखाली बाकीची कामं, आणि या वेळी प्रत्येक कामापुढे ज्याचं त्याचं नाव. पाण्यापुढे सासूबाई, गॅसपुढे हे, सहीपुढेही हेच.

सात वाजता मी पुस्तक उघडून बसले. हे स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आले. "अगं, उद्या माझा डबा कोण करणार?"

मी मान वर केली नाही. "पुठ्ठ्यावर लिहिलंय. दहावी पास आहात ना? मग वाचा."