तीन देश, एकच खुर्ची

आज, मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझ्यावर अन्याय झाला.

देशोदेशी कार्डं पाठवणाऱ्या आपल्या पोस्टकार्ड ग्रुपच्या मंडळींनो, समोरच्या अनोळखी माणसाची आवड वाचल्याशिवाय मी कार्ड निवडत नाही. एकच चित्र दोघांना पाठवणं म्हणजे पाहुण्याला कालचं उरलेलं वाढणं. आणि आज मला फिनलंड, चिली आणि जपानहून कार्डं आली, तर तिन्हींवर एकच फोटो. व्हरांड्यातली खुर्ची.

मी चरफडत होते, तेवढ्यात शेजारच्या मंदाताई कढीपत्ता न्यायला आल्या.

"सारखी कुठं हायेत मॅडम? नीट बघा की."

फिनलंडच्या कार्डात खुर्ची रिकामी आहे. चिलीच्या कार्डात तिच्यावर तपकिरी शाल आहे. जपानच्या कार्डात ती शाल पांघरून एक बाई पाठमोरी बसली आहे, अंबाड्यात पेन्सिल खोचून.

"पेन्सिल तर तुमीच खोचता," मंदाताई म्हणाल्या. "अन् ही नाडी बघा."

माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीची पट्टी तुटली तिथे मी परकराची हिरवी नाडी विणली आहे. फोटोतही ती आहे, माझ्याच गाठीसकट. सावेडीतल्या माझ्या घराचा फोटो मी कधीच कुणाला पाठवलेला नाही.

मंदाताई कढीपत्ता न घेताच गेल्या.

पाठवणाऱ्या तिघांना मी जाब विचारला. तिघेही म्हणतात, आम्ही वेगळंच कार्ड पाठवलं होतं.

चौथं कार्ड ज्याने पोस्टात टाकलं असेल, त्याने त्यात ती बाई इकडे वळली आहे की खुर्ची पुन्हा रिकामी झाली आहे, हे शुक्रवारचं टपाल यायच्या आत मला लेखी कळवावं.