एफचा आकडा आणि लेकीचा फोन

लेक नोकरीसाठी जर्मनीला गेली तेव्हा तिचा मोठा कॅमेरा इथंच, तळेगाव ढमढेऱ्याच्या घरी, कपाटात राहिला. "आई, तू आता रिटायर झालीस. वापर की," असं निघताना म्हणाली होती. प्राथमिक शाळेत मी आयुष्यभर मुलांना अक्षरं शिकवली, पण कॅमेऱ्याच्या चाकावरची पी, एस, ए, एम ही चार अक्षरं काही मला लागेनात. एस म्हणजे स्लो असेल, असले अंदाज बांधत राहिले. अंगणातल्या जास्वंदीचे पहिले फोटो आले ते पांढरेफटक.

तोवर आमचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांवर आलं होतं. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "झालं." मग दोघी नुसत्या स्क्रीनकडे बघायचो आणि ती म्हणायची, "चल, ठेवते." एका रविवारी मी म्हटलं, "अगं, कॅमेऱ्यात एफ आणि पुढं पाच पॉइंट सहा असं येतंय. ते काय?"

ती उठून नीट बसली. "ते अपर्चर. भिंगातलं भोक. आकडा वाढला की भोक लहान होतं."

"असं उलटं कसं?"

"उलटंच आहे ते." आणि ती पाऊण तास बोलत राहिली. भोक किती मोठं, शटर किती वेळ उघडं, आयएसओ किती, या तिन्हींचा मेळ कसा घालायचा. मी वहीत उतरवून घेतलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज तिनं एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं.

लिहिलेलं मला काही उमगलं नाही. संध्याकाळी हे उसाला पाणी देऊन आले तेव्हा त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कॅमेऱ्याला कधी हात लावलेला नाही. पाय धुता धुता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यात अवघड काय हाय? पाटाचं दारं किती उघडलं, ते तुझं भोक. किती वेळ उघडं ठिवलं, ते शटर. सरी भरली म्हंजी झालं. दारं बारीक आसलं तर जास्त वेळ, मोठं आसलं तर लगीच बुजवायचं."

"आणि आयएसओ?"

ते पाय पुसू लागले. "त्यो युरिया. रानात दम न्हाई तवा वरनं मारायचा. पीक दिसाया हिरवंगार, पण चव न्हाई."

मी आयएसओ वाढवून कोनाड्याचा फोटो काढला. उजळ आला, पण सगळा रवाळ. महिन्याभरात मला बऱ्यापैकी यायला लागलं.

ते मी लेकीला सांगितलं नाही. दर रविवारी काहीतरी न कळल्याचं दाखवायची. "शटर साठ म्हणजे साठ सेकंद का गं?" सेकंदाचा साठावा भाग, हे ती न कंटाळता समजावायची, मधेच ऑफिसातलं सांगायची, भाजी कशी करपली ते सांगायची. मी हं हं करत तिचा चेहरा बघत बसायची.

दिवाळीनंतर मी माहेरी, राहू गावाला गेले. भावाच्या शेजारी गुऱ्हाळ चालू होतं. लहानपणी लेक तिथं गरम काकवीसाठी हटून बसायची. रस उकळणाऱ्या मोठ्या काहिलीतून वाफेचे लोट उठत होते आणि त्यात गूळ करणारा माणूस अर्धा दिसत, अर्धा हरवत होता. तो फोटो मनासारखा आला. लेकीला मेल केला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिचा फोन. "आई, फोटोच्या फायलीत सगळं लिहिलेलं असतं. एम मोड, म्हणजे सगळं हातानं लावलेलं. शटर हजार, एफ चार, आयएसओ आठशे. परवा तर तू विचारत होतीस, एम म्हणजे काय."

माझे कान तापले. "चुकून लागलं असेल."

"चुकून?" ती म्हणाली. "मीटिंग आहे, ठेवते."

आठवडाभर फोन नाही. मलाही करायचा धीर होईना. रविवारी तिचाच आला. "आई, व्हाइट बॅलन्स काय असतं, ते तुला अजून कळलं नसेल ना?"

"नाही गं," मी म्हटलं. ते मला येतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती सांगू लागली. प्रत्येक उजेडाला रंग असतो. बल्बचा पिवळा, ट्यूबचा निळसर. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा तो रंग काढायला बघतो. मधेच म्हणाली, "इथं साडेचारलाच अंधार पडतो. आपल्या स्वयंपाकघरात अजून पिवळा बल्ब आहे का?"

"आहे."

"मग ऑटो काढ. पप्पा जेवताना एक फोटो पाठव. पिवळा येऊ दे."

सोमवारी हे जेवायला बसले तेव्हा काढला. भाकरी मोडताना मान वर करायला तयार नव्हते. भिंत, ताट, त्यांचा सदरा, सगळं हळदीच्या रंगाचं आलं. लगेच पाठवला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "सुट्टी मंजूर नाही झाली. येत्या उन्हाळ्यात येणं जमणार नाही."

मी ते ह्यांना वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले आणि हात धुवायला उठले. मोरीपाशी पाठमोरे उभे राहूनच त्यांनी विचारलं, "येत्या ऐतवारी काय इचारणार हायेस?"

"फ्लॅशचं विचारीन म्हणते," मी म्हटलं.