भिकनच्या कानामागची गाठ

भिकन पारोळ्याकडून सुरतेला आला तो मामाच्या ओळखीने. उधन्यात कापडाचा लूम चालवायचा आणि नवागामला दोन सोबत्यांबरोबर खोली करून राहायचा. पंचविशीत त्याच्या उजव्या कानामागे गाठ उठली. दुखत नव्हती, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. पुढे ती लिंबाएवढी झाली आणि जबड्याखाली दुसरी आली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी टीबीचा अंदाज काढून गोळ्या सुरू केल्या. सोबत्यांनी दुसरी खोली बघितली. तो जेवायचा त्या सरलाबाईंच्या खानावळीत त्याचं ताट वेगळं झालं. बाईंना वाईट वाटे, पण तिथे चाळीस कामगार जेवत. भिकन भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

गोळ्यांचा कोर्स संपला, तरी गाठी तशाच. मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा तपासायला घेतला, रक्त काढलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून समजावलं. याला किमुराचा आजार म्हणतात, फार थोड्यांना होतो. कॅन्सर नाही, टीबीही नाही. गाठ काढली तरी पुन्हा येऊ शकते, पण ती जिवावर उठत नाही. मूत्रपिंडावर मात्र लक्ष ठेवावं लागेल.

"आणि हा एकाचा दुसऱ्याला होत नाही," त्या म्हणाल्या.

भिकन मग म्हणाला, "बाई, एवढंच आमच्या खानावळीत फोनवर सांगता का?"

त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी सरलाबाईंनी त्याला पंगतीत मधे बसवलं आणि वाढताना नजर वर केली नाही.

ऑपरेशन झालं. दोन वर्षांनी गाठ परत आली, तेव्हा तो घाबरला नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली होती. घरचे म्हणत होते, केस वाढव, झाकली जाईल. त्याने मुलीकडे जाऊन मान वळवून गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं.

मनीषाने विचारलं, "दुखस का?"

"नही. फक्त खाजस."

लग्न झालं. गेल्या वर्षी एका सकाळी त्याचे डोळे सुजलेले तिला दिसले. त्याला कामावर जायचं होतं, तिने हट्टाने दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवीतून प्रथिनं जात होती. वेळेवर औषध मिळालं, सूज उतरली. आता तो दिवसपाळीत आहे. रविवारी दोघं बाजाराला जातात, आणि गाठीकडे कुणी टक लावून बघितलं तर तो थांबून आजाराचं नाव सांगतो.